सत्तावीस वर्षांचं लाँग डिस्टन्स

गेल्या महिन्यात नवऱ्याशी फोनवर कडकडून भांडले. तो बंगळुरूला, मी मुंबईत. लग्नाला दीड वर्ष झालंय आणि एकत्र काढलेले वीकेंड अजून आरामात मोजता येतात. भांडण जुनंच होतं, या वेळी कोणी कोणाकडे यायचं? शेवटी तो वैतागून म्हणाला, 'यार, असं कोण जगतं?' मी फोन कट केला आणि रात्रीची कोकणकन्या पकडली.

पळून वगैरे गेले नव्हते हं. बाबांनी काम लावलं होतं. ('तुला काय, घरूनच काम असतं ना!' फ्रीलान्सर मंडळींना हे वाक्य पाठ असेल.) मालवण तालुक्यात आचऱ्याजवळ आमची थोडी भातशेती आणि घर आहे. आजोबा १९९९मध्ये गेले, पण सातबारा अजून त्यांच्याच नावावर. तारकर्लीत टुरिस्टांची रीघ लागल्यापासून किनाऱ्यालगतच्या जमिनीला सोन्याचा भाव आलाय, आमच्याकडेही एक पार्टी येऊन गेली. विकायचं तर आधी वारस नोंद हवी. म्हणून मी कागद शोधायला निघाले.

कणकवलीला उतरून एसटीने गावात पोचले. आजीने पेज वाढली आणि माळ्यावरची पत्र्याची ट्रंक दाखवली. त्यात सुतळीने बांधलेला एक गठ्ठा निघाला, मनीऑर्डरच्या कुपनांचा. तुम्ही मनीऑर्डर पाहिली नसेल कदाचित. फॉर्मच्या खाली दोन-चार ओळी लिहायला जागा असायची आणि ती चिठ्ठी पैसे घेणाऱ्याकडे राहायची. म्हणजे जवळपास एसएमएसच! फक्त हा एसएमएस पोस्टमन अंगणात उभा राहून मोठ्याने वाचून दाखवायचा, कारण आजीला वाचता येत नव्हतं. आता अशात माणूस रोमँटिक काय लिहिणार? 'पैसे पोचल्याचे कळव. बैल विकू नको. बाकी सर्व ठीक.' प्रत्येक कुपनावर बाकी सर्व ठीकच.

आजोबा लालबागच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. लग्न १९५५चं. लग्नानंतर पंधरा दिवसांत ते भाऊच्या धक्क्याच्या बोटीत बसले. मुंबईत गाववाल्यांची एकच खोली, त्यात पाळीपाळीने झोपणारे पुरुष आणि जेवायला खानावळ. इकडे आजी, सासू-सासरे, गुरं आणि शेत. आजोबा गणपतीला आणि मे महिन्यात मिळून वर्षाला जेमतेम महिनाभर यायचे. १९५५ ते १९८२, सत्तावीस वर्षं. मी कॅल्क्युलेटर काढला. सत्तावीस महिने. सत्तावीस वर्षांच्या संसारात सव्वादोन वर्षांची सोबत!

'असं कोण जगतं' हा नवऱ्याचा डायलॉग मी आजीला ऐकवला. ती हसली. 'आमच्या वाडयेत सगळीच बायलमाणसां तशीच रवली.'

खरंच आहे ते. सिंधुदुर्ग १९८१मध्ये वेगळा जिल्हा झाला. त्याआधीचा अख्खा रत्नागिरी जिल्हा मनीऑर्डरवर चालतो, असं तेव्हा सर्रास म्हटलं जायचं. पण खरी गंमत कागदपत्रांत निघाली. आमचे पणजोबा कूळ होते. कुळकायद्याने १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला आणि जमीन कसणाऱ्याची झाली. आमच्या कागदावर कसणाऱ्याचं नाव कोणाचं? आजोबांचं! जे त्या वेळी लालबागला साचे चालवत होते. तरवा काढणारी, लावणी करणारी, मेर बांधणारी बाई कागदावर कुठेच नाही. पुढे १९९२मध्ये सरकारने 'लक्ष्मीमुक्ती' आणली. नवऱ्याने अर्ज केला की बायकोचं नाव सातबाऱ्यावर सहहिस्सेदार म्हणून लागत होतं. आजोबा तोवर गावातच होते. त्यांनी अर्ज केला नाही. वाईट होते म्हणून नाही, बहुतेक त्यांना ते सुचलंच नसेल. मला मात्र ते लागलं.

गठ्ठ्यातलं शेवटचं कुपन जानेवारी १९८२चं. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले आणि मनीऑर्डरी थांबल्या. मग वाट उलटी झाली. आजी मुंबईला तांदूळ आणि कुळीथ पाठवायला लागली, ओळखीच्या माणसाबरोबर, पोत्यातून. सात-आठ महिन्यांनी आजोबा स्वतःच परत आले. पन्नाशीचा माणूस, आपल्याच घरात पाहुण्यासारखा. 'पयल्या वर्साक तेंका म्हशीन पण वळखूक नाय,' आजी म्हणाली. पुढची सतरा वर्षं ते तिच्या हाताखाली शेत शिकले.

आता वारस नोंद. घरात सगळे धरून चालले होते की बाबा आणि काका, दोन नावं लागतील आणि आत्या हक्कसोड लिहून देईल. मी अर्ज भरताना पहिलं नाव आजीचं लिहिलं, मग तिन्ही मुलांची. यात मेहरबानी काही नाही, १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानेच बायकोला मुलांच्या बरोबरीचा वाटा दिलाय. काकांचा फोन आला, 'उगाच गुंता कशाला?' बाबा गप्प होते. मी म्हटलं, गुंता नाही काका, हिशोब आहे.

रात्री एका कुपनाचा फोटो नवऱ्याला पाठवला. खाली लिहिलं, 'असे जगतात. पण आपण नको.' शुक्रवारी तो येतोय. पुढच्या महिन्यात मी जाणार. सध्या एवढंच ठरलंय.

निघताना आजीला अर्ज वाचून दाखवला. स्वतःचं नाव तिने दोनदा वाचायला लावलं. मग थोडा वेळ समोरच्या शेताकडे बघत बसली.

'म्हणजे आता विकूचा झाला तर अंगठो माझो लागतलो मां?'

'हो आजी.'

'मगे बघूया,' आजी म्हणाली आणि गुरांना पाणी दाखवायला उठली.