टँकरमध्ये काय आहे, हे पहिल्या माणसाला कळायला हवे

कल्याण-निर्मल राष्ट्रीय महामार्ग पाथरी, मानवत, परभणी, वसमत करत नांदेडकडे जातो. या रस्त्यावरून आणि त्याला मिळणाऱ्या जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या रस्त्यांवरून रोज काय काय जाते, याचा आपण फारसा विचार करत नाही. पेट्रोल-डिझेलचे टँकर, गॅस सिलिंडरचे ट्रक, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातले इथेनॉल, पाणी शुद्ध करायचे क्लोरीन, वेल्डिंगच्या दुकानांसाठी कॅल्शियम कार्बाइड, बॅटरीचे ॲसिड आणि पेरण्या झाल्या की कीटकनाशकांचे खोके. यातले एखादे वाहन उलटले तर तिथे सर्वांत आधी अग्निशमन दल पोहोचत नाही, डॉक्टरही पोहोचत नाही. पोहोचतो तो शेजारच्या शेतातला माणूस, धाब्यावरचा पोऱ्या आणि मागून येणारा दुचाकीस्वार. मदतीला धावलेल्या या माणसाला समोर काय सांडले आहे हे कळणार कसे?

एक जुनी घटना सांगतो. २९ ऑक्टोबर १९८७ रोजी पहाटे तीनच्या सुमारास पुणे-बेंगळुरू महामार्गावर पेट्रोलचा टँकर आणि समोरून येणारा ट्रक यांची धडक झाली. टँकर रस्त्याच्या खाली जाऊन पडला. पेट्रोल गळू लागले, आजूबाजूला साचले. उजाडले तशी माणसे जमली. सकाळी सव्वासातच्या सुमारास स्फोट झाला. जमलेल्यांपैकी अनेक जण भाजले, काहींचा जीव गेला. भरपाईचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९९१ मध्ये न्यायालयाने सांगितले की उलटून पडलेला टँकर हाही ‘वाहनाचा वापर’च आहे, त्यामुळे मृतांच्या वारसांना भरपाई मागण्याचा हक्क आहे. निकाल महत्त्वाचा आहेच. पण आरोग्याच्या दृष्टीने मला महत्त्वाचे वाटतात ते अपघात आणि स्फोट यांच्यामधले चार तास. धडकेने जे मेले नसते, ते या चार तासांनंतर मेले. आणि तिथे निदान पेट्रोल होते, ज्याचा वास पोरालाही ओळखता येतो. उद्या ज्याचा वास आपल्याला ठाऊक नाही असे काही सांडले तर?

या प्रश्नाचे उत्तर कायद्यात आहे. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधले १२९ ते १३७ हे नियम धोकादायक मालाच्या वाहतुकीबद्दल आहेत. माल पाठवणाऱ्याने तो काय आहे आणि त्याचा धोका काय, याची पूर्ण माहिती वाहतूकदाराला द्यायची. ती माहिती लेखी स्वरूपात, ‘ट्रेम कार्ड’ म्हणून, चालकाने केबिनमध्ये ठेवायची. गळती झाली, आग लागली, अंगावर उडाले तर काय करायचे, हे त्या कार्डावर असते. वाहनाच्या दोन्ही बाजूंना आणि मागे माहितीफलक हवा. त्यावर मालाचे नाव, संयुक्त राष्ट्रांच्या यादीतला चार आकडी क्रमांक, धोक्याचे चिन्ह आणि फोन करायचे क्रमांक. अक्षरे किती मोठी हवीत तेही ठरलेले आहे: नाव किमान ५० मिलिमीटर उंचीचे, क्रमांक १०० मिलिमीटर. कारण तो जवळ न जाता, लांबून वाचता आला पाहिजे. १२०३ म्हणजे पेट्रोल, ११७० म्हणजे इथेनॉल, १००५ म्हणजे अमोनिया, १०१७ म्हणजे क्लोरीन, १४०२ म्हणजे कॅल्शियम कार्बाइड.

हा सरकारी सोपस्कार वाटेल, पण उपचाराची सुरुवात इथूनच होते. आग दिसली की पाणी मारायचे, हे आपल्या हाडीमाशी मुरले आहे. पण कार्बाइडवर पाणी पडले की ॲसिटिलीन हा ज्वालाग्राही वायू तयार होतो. पेट्रोलच्या आगीवर चालणारा साधा फेस इथेनॉलवर टिकत नाही, त्याला वेगळा फेस लागतो. क्लोरीन हवेपेक्षा सुमारे अडीच पट जड आहे, तो नाल्यात, खोलगट भागात साचतो. त्यामुळे उंचावर आणि वाऱ्याच्या विरुद्ध दिशेला जायचे असते. ‘खाली बसा, नाक दाबा’ हा सल्ला तिथे जीव घेईल. ॲसिड अंगावर उडाले तर भरपूर पाण्याने धुवायचे, पण कार्बाइडची भुकटी असेल तर ती आधी कोरडी झटकायची.

दवाखान्यातही तेच. श्वास अडकलेला, उलट्या करणारा रुग्ण ग्रामीण रुग्णालयात आला आणि तो सेंद्रिय फॉस्फरस गटातल्या कीटकनाशकाने बाधित असेल तर ॲट्रोपिनने त्याचा जीव वाचू शकतो. धान्यात ठेवायच्या ॲल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांपासून निघणाऱ्या फॉस्फिनवर मात्र उताराच नाही, तिथे फक्त श्वास आणि रक्तदाब सांभाळायचा. नाव कळले तर डॉक्टर योग्य वाटेने जातो, नाही तर लक्षणांवरून अंदाज बांधत बसतो. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. नेमके कोणते विष, हा प्रश्न अशा वेळी किती महत्त्वाचा असतो, हे विदर्भ-मराठवाड्याला वेगळे सांगायला नको.

मोठ्या टँकरवर निदान फलक दिसतात. मला जास्त काळजी वाटते ती छोट्या गाड्यांची. तालुक्याच्या बाजारातून गावात जाणाऱ्या पिकअपमध्ये कीटकनाशकाचे खोके, त्यावर पशुखाद्याची पोती आणि किराणा, हे दृश्य आपण पाहिलेले आहे. कीटकनाशक नियम, १९७१ नुसार कीटकनाशक आणि खाद्यपदार्थ किंवा पशुखाद्य यांचा थेट संपर्क येईल अशी वाहतूक करता येत नाही. खोका फुटून माल एकमेकांत मिसळला तर तपासणीशिवाय ते अन्न पुढे देता येत नाही. या कडकपणामागे अनुभव आहे. १९५८ मध्ये केरळात जहाजातून आलेल्या धान्य-पिठात पॅराथिऑन हे कीटकनाशक मिसळले आणि शंभराहून अधिक माणसे मेली. त्यानंतर चौकशी आयोग बसला आणि पुढे १९६८ चा कीटकनाशक कायदा आला. म्हणजे आपला कीटकनाशक कायदाच वाहतुकीतल्या चुकीतून जन्मला आहे.

मग अडते कुठे? रस्त्यावर गाडी थांबवली की विचारले जाते ते परवाना, विमा, बिल्टी, ई-वे बिल. कर बुडू नये म्हणून जेवढी दक्षता घेतली जाते, तेवढी जीव जाऊ नये म्हणून घेतली जात नाही. चालक संघटनांचे म्हणणेही मी समजू शकतो. आणखी एक कागद म्हणजे नाक्यावर चहापाण्याचे आणखी एक निमित्त, आणि दंड शेवटी पगारी चालकाच्याच माथी. ही भीती खोटी नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर या नियमांच्या पहिल्या भंगासाठी दहा हजार रुपये दंड किंवा एक वर्षापर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. पण नियमांचा क्रम पाहा: पहिली जबाबदारी माल पाठवणाऱ्याची, मग वाहतूकदाराची, आणि त्यानंतर चालकाची. तपासणीही त्याच क्रमाने व्हावी. जिथे माल भरला जातो त्या फाटकावर कार्ड आणि फलक पाहिल्याशिवाय गाडी सोडू नये. कार्डाविना गाडी रस्त्यावर सापडली तर पहिली नोटीस माल भरून देणाऱ्याला जावी.

दुसरे काम जिल्ह्यात करता येण्याजोगे आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. महामार्गालगतच्या गावांचे पोलीस पाटील, पेट्रोल पंपांवरचे कर्मचारी, १०८ रुग्णवाहिकांवरचे डॉक्टर आणि ग्रामीण रुग्णालयांतल्या परिचारिका यांना फलक वाचायला शिकवावे. एका दुपारचे काम आहे. नेहमी जाणाऱ्या दहा-बारा पदार्थांचे क्रमांक, त्यांचे धोके आणि प्रथमोपचार असा एक मराठी तक्ता प्रत्येक अपघात विभागात भिंतीवर असावा. कृषी सेवा केंद्रांनी कीटकनाशकाच्या प्रत्येक खेपेबरोबर मालाच्या नावांची यादी चालकाच्या हाती द्यावी आणि त्या गाडीत खाण्याचे काही भरू देऊ नये.

आणि आपण? टँकर उलटलेला दिसला तर बादली घेऊन धावू नका, मोबाइलवर चित्रण करायला जवळ जाऊ नका. वाऱ्याच्या विरुद्ध बाजूला लांब उभे राहा, बिडी-सिगारेट विझवा, इतरांना अडवा. फलकावरचे चार आकडे लांबूनच वाचा आणि ११२ ला फोन करून आधी ते सांगा. फलक नसेल तर तेही सांगा, म्हणजे येणारा माणूस सावध राहून येईल.