प्रवासवाट : दुबईतील काही तास

मॉरिशसहून कोकणातील कुलदैवताच्या दर्शनास निघालेल्या मराठी यात्रेकरूस अनेकदा दुबईत विमान बदलावे लागते. पूर्वजांना मुंबई ते पोर्ट लुई या जलप्रवासास कित्येक आठवडे लागत. आता प्रश्न केवळ काही तासांचा, पण खिसा रिकामा होण्यास तेवढेही पुरेत.

एमिरेट्सची विमाने तिसऱ्या टर्मिनलवर येतात. फ्लायदुबईची बरीच स्वस्त विमाने दुसऱ्यावरून सुटतात, आणि ते धावपट्ट्यांच्या पलीकडे आहे. दोन निरनिराळी तिकिटे काढून काटकसर साधणाऱ्याने हे अंतर हिशेबात धरावे. सामान स्वतः सोडवून घ्यायचे तर देशात प्रवेश करावा लागतो; तेव्हा व्हिसाची चौकशी घरीच करावी.

शहर पाहण्याची हौस असल्यास २००९ साली सुरू झालेली मेट्रो पहिल्या व तिसऱ्या टर्मिनलपाशीच मिळते. रात्री उशिरा ती काही तास बंद असते. गाडीत खाण्यास मनाई आहे. शिदोरीतील लाडू १०० दिरहमांना पडावयाचा! खाडी ओलांडणाऱ्या साध्या होडीचे भाडे मात्र अवघे १ दिरहम.

खरी सावधगिरी परतीच्या वाटेवर हवी. अमिरातीत खसखस निषिद्ध आहे आणि तीपायी प्रवाशांना अटक झाल्याची उदाहरणे आहेत. अनारशांवर खसखस असते, मालवणी मसाल्यातही पुष्कळदा असते. आत्याने मायेने बांधून दिलेली अशी पुडी मुंबईतच कोणास तरी देऊन टाकावी.