भट्टी थंड व्हायचा वेळही किमतीत धरा

भट्टीत काच वितळवून ट्रे, कोस्टर, नेमप्लेट बनवायचा व्यवसाय दिसायला सोपा आहे. छोटी वीजभट्टी घरात बसते, काच भंगारातही मिळते. पहिले चार पीस झकास निघतात. पाचवा तडकतो, आणि मग "मालच खराब होता" सुरू होतं. माझं मत स्पष्ट आहे: तडा नशिबाने जात नाही. बहुतेक वेळा एकतर काच चुकीची जोडलेली असते, नाहीतर घाई झालेली असते.

तुटलेला पीस लगेच फेकू नका. तड्याची कड बघा (बोट फिरवू नका, कापेल). कड गोलसर, वितळलेली असेल तर काच तापताना तुटली, म्हणजे सुरुवातीला तापमान फार वेगाने चढवलं. कड धारदार असेल तर थंड होताना किंवा त्यानंतर तुटली.

खरी गोम थंड करण्यातच आहे. काच बाहेरून आधी निवते, आतून गरम राहते, आणि त्या ओढाताणीत ताण आत अडकून बसतो. म्हणून उतरताना एका ठरावीक तापमानावर भट्टी थांबवायची. याला अ‍ॅनिलिंग म्हणतात. खिडकीच्या साध्या काचेला हे साधारण 550 अंश सेल्सिअसच्या आसपास; बुलसाय कंपनीच्या फ्यूजिंग काचेला 482 अंश. 6 मिमी जाडीला तासभर धरलात तर 12 मिमीला दोन तास, आणि पुढचं उतरणंही आणखी हळू. मधेच वीज गेली तरी झाकण उघडायचं नाही. वीज आली की सावकाश पुन्हा त्या तापमानावर न्या आणि पूर्ण वेळ धरा.

पण काचच बेमेळ असेल तर कितीही सावकाश उतरवा, उपयोग नाही. तापल्यावर काच किती प्रसरण पावते त्याचा आकडा असतो, सीओई. 90 ची आणि 96 ची काच एकत्र वितळवू नका. भंगारातल्या बाटल्यांवर तर आकडा लिहिलेलाच नसतो, म्हणून एका ट्रेला एकाच बाटलीची काच वापरा. आणि टफन्ड काच घेऊच नका, कापायला गेलात की चुरा होतो.

ताण दिसतो कसा? लॅपटॉपच्या एलसीडी स्क्रीनवर पांढरं पान उघडा, पोलराइज्ड गॉगल स्क्रीन काळी दिसेपर्यंत फिरवा, आणि मधे पारदर्शक पीस धरा. जोडाभोवती उजेड चमकला तर तो पीस विकू नका. असा पीस आज धड दिसतो आणि महिन्याने गिऱ्हाइकाच्या जेवणाच्या टेबलावर फुटतो. शेजारी लहान मूल बसलेलं असेल, तर पैसे परत करून भागेल का?

आता हिशोब. लहान भट्टीचीही एक फेरी, पूर्ण निवेपर्यंत, सहज दिवस खाते. एका वेळी सहा कोस्टर मावत असतील तर चाळीस कोस्टरना सात फेऱ्या, म्हणजे सात दिवस. मी तर दहा सांगेन, कारण एखादी फेरी वाया जाणारच. किंमत पीसवर काढू नका. आधी फेरीची वीज, तुमचा वेळ आणि तुटफूट धरा, मग सहाने भागा. गिऱ्हाईक "चार दिवसांत द्या" म्हणालं तर अर्धा माल आधी, अर्धा नंतर असं विचारा. त्यालाही तयार नसेल तर ती ऑर्डर सोडा.