पाट्याचा दगड आणि वेरूळचा डोंगर

दिवाळीची सुट्टी संपत आली की आमच्या युसूफ वडगावात बायकांचा एकच विषय असतो: कोण कुठे जाऊन आली. बहुतेकींचे उत्तर ठरलेले. तुळजापूर, पंढरपूर, नाहीतर माहेर. आमच्या केज तालुक्यातल्या कितीतरी घरांना तर सुट्टी म्हणजे काय हेच ठाऊक नाही. दिवाळीचे दिवे विझले की कोयते बांधून ऊसतोडीला निघायचे. तेव्हा "एक दिवसाची गाइडवाली सहल केली" असे मी पाणवठ्यावर सांगितले तेव्हा दोघीतिघी हसल्याच. पण मग बाजूला घेऊन विचारले, "जेवणाचे काय केले? सासूबाई कशा काय आल्या?" म्हणून म्हटले, या खेपेला लोणची-पापड राहू देत, सहलीचेच लिहावे.

सहल होती छत्रपती संभाजीनगरहून दौलताबाद, वेरूळ आणि घृष्णेश्वर अशी. सकाळी निघायचे, संध्याकाळी शहरात परत. अशा बसगाड्या शहरातून नेहमी सुटतात. पैसे माझेच होते. मी हायस्कुलात तासिका तत्त्वावर इतिहास-भूगोल शिकवते. त्याचे पैसे कधी येतील याचा नेम नसतो, पण या वेळी एकदम तीन महिन्यांचे हातात पडले. नेमके त्याच आठवड्यात घरात नव्या बोअरचा विषय निघाला होता. आधीचे दोन कोरडे गेलेले. धाकटे दीर जेवताना म्हणाले, "इकडे पाण्याची पंचाईत, अन् वहिनी फिरायला निघाल्या." मी भाजी वाढत राहिले. उत्तर सासूबाईंनी दिले. म्हणाल्या, "तिच्या पैशानं तुझं बोअर खाली फुटभरबी जायचं नाही. जाऊ दे तिला. मीबी जाती. परळीचा वैजनाथ घरचाच हाय, घृष्णेश्वर राहिलाय."

ज्यांना जायचे असेल त्यांच्यासाठी थोडे तयारीचे. मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात (अजिंठ्याची सोमवारी), तेवढे पाहूनच दिवस ठरवा. भाकरी दुपारपर्यंत कडक होते, म्हणून मी दुधात पीठ मळून दशम्या केल्या, थोडे धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही मुळीच नेऊ नये, बसमध्ये आंबते आणि सांडतेही. पाण्याची बाटली माणशी एक हवीच. चप्पल सपाट तळाची आणि न घसरणारी असावी. दौलताबादला माकडे आहेत, खाण्याची पिशवी हातात मिरवू नये. आणि पैसे भरण्यापूर्वी एक प्रश्न न लाजता विचारावा: बायकांसाठी स्वच्छतागृह कुठे कुठे आहे आणि गाडी तिथे थांबणार का? मी विचारले नाही. त्यामुळे दुपारपर्यंत आम्ही दोघी पाणी घोट-घोटच पीत होतो, आणि सासूबाईंचे डोके चढले ते त्यामुळेच, असे माझे मत आहे.

आदल्या दिवशी एस.टी.ने केजहून बीड आणि तिथून पुढे शहर गाठले, रात्र नणंदेकडे काढली. सकाळी बस वेळेवर सुटली. गाइड तरुण पोरगा होता, आवाज खणखणीत, सनावळ्या तोंडपाठ. दौलताबाद म्हणजे यादवांची देवगिरी. १३२७ साली महंमद तुघलकाने राजधानी दिल्लीहून इथे आणली, हे सगळे त्याने गाडीतच सांगून टाकले. किल्ल्याच्या डोंगराचा खालचा भाग माणसांनी तासून भिंतीसारखा उभा केलेला आहे आणि भोवतीचा खंदकही खडकातच खोदलेला आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्या खाली झाडाच्या सावलीत बसल्या. मी अंधारीपर्यंत गेले. आत वटवाघळांचा वास इतका की पदर नाकाला लावूनच बाहेर आले. वर बारादरीपर्यंत जायला वेळच दिला नाही.

खरी गंमत पुढे घाटात झाली. खुलताबादकडे चढताना रस्त्यासाठी कापलेली दरड लागते. तिच्यात काळ्या खडकाच्या थरांमध्ये विटकरी रंगाची एक पट्टी आडवी गेलेली दिसली. मी गाइडला विचारले, ती कसली? तो म्हणाला, "नैसर्गिक आहे, मॅडम." आमच्या मागच्या बाकावर एक वयस्कर गृहस्थ होते, सरकारी नोकरीत विहिरी-बोअरच्या कामावर उभी हयात घालवलेले. ते पुढे सरकले आणि म्हणाले, "बाई, ती दोन लाव्ह्यांच्या मधली माती."

मग उरलेला घाट आम्ही त्यांचेच ऐकत होतो, आणि गाइडही ऐकत होता. दख्खनचे सारे पठार हे ज्वालामुखीचे, हे मी वर्गात दरवर्षी सांगते. पण सांगताना माझ्या डोळ्यांसमोर चित्रातला धूर ओकणारा शंकूसारखा डोंगरच असायचा. तसे काही नव्हते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वाहून आला. आपण धिरड्याचे पातळ पीठ तव्यावर ओततो तसा तो पसरला, निवला, त्यावर पुन्हा दुसरा. म्हणून आपल्या डोंगरांना लांबून पायऱ्या दिसतात. 'डेक्कन ट्रॅप' यातला 'ट्रॅप' हा शब्दही पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आलेला. आज हा खडक सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे, पश्चिमेकडे सह्याद्रीत त्याची जाडी दोन किलोमीटरांच्याही वर जाते. दोन लोटांच्या मध्ये पुष्कळ काळ गेला असेल, तर खालच्या थराची वरची बाजू ऊन-पावसाने झिजून तिची माती व्हायची. मग वरून नवा तापलेला लाव्हा येऊन ती दडपायचा. ती ही तांबडी पट्टी.

आणि लाव्ह्यातली वाफ वर येऊन कोंडली, की थराच्या वरच्या अंगाला भोके राहतात. अगदी धिरड्याला जाळी पडते तशी. हे ऐकताच सासूबाई म्हणाल्या, "मांजऱ्या!" ते गृहस्थ खूश झाले. आपल्याकडे विहीर खणताना वर काळी माती, मग मुरूम, मग तो भोकाभोकांचा मांजऱ्या खडक, आणि त्याखाली सुरुंगालाही दाद न देणारा काळा पाषाण लागतो. ही नावे सासूबाईंना ठाऊक होती. कारण मात्र मला शाळेत शिकवणाऱ्या बाईलाही ठाऊक नव्हते. पाणी राहते ते मुरमात, मांजऱ्यात आणि खडकाच्या भेगांत. अखंड काळ्या पाषाणात भेग नसेल तर कितीही खाली जा, तो कोरडाच. मी आमचे दोन बोअर मोजले आणि गप्प बसले.

(लोणारचेही मी त्यांना विचारून घेतले. बुलढाणा जिल्ह्यातले ते तळे ज्वालामुखीचे, असे आम्ही लहानपणी ऐकलेले. तज्ज्ञांचाही पूर्वी तसाच समज होता. ते उल्का आदळून झालेले आहे, पण ज्या खडकावर ती आदळली तो हाच आपला काळा खडक.)

वेरूळला ३४ लेणी आहेत, डोंगराच्या कडेने सुमारे दोन किलोमीटर पसरलेली. आम्हाला दोन तास मिळाले. दोन तासांत ३४ लेणी म्हणजे पंगतीत वाढपी पुढे पळतो तसे. मी सासूबाईंना म्हटले, आपण आपले कैलासच नीट पाहू. सोळावे लेणे ते. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळचे. खालून वर बांधलेले नाही, वरून खाली कोरत आणलेले. आधी डोंगरात खोल चर मारून मधला खडक सुटा केला, मग त्याचे देऊळ केले. मागची भिंत शंभर फुटांच्या आसपास उंच. एवढे सलग काम झाले ते इथला खडक अखंड आणि एकसारखा आहे म्हणून.

गाइड हत्ती, रावण, शिव-पार्वती दाखवत पुढे गेला. सासूबाई मात्र बाजूच्या उघड्या भिंतीपाशी थांबल्या. तिथे मूर्ती नाही की काही नाही, नुसत्या छिन्नीच्या खुणा. त्यांनी हात फिरवला आणि म्हणाल्या, "अगं, ह्ये तर पाट्याला टाकी लावल्यावाणी दिसतंय."

तशाच होत्या त्या. आमच्याकडे अजून पाटा-वरवंटा आहे. मिक्सर आहे, पण वीज असली तर. वर्षा-दोन वर्षांनी टाकी लावणारी बाई हाळी देत येते, पाटा उलथा-पालथा करून वाजवून बघते आणि छोट्या छिन्नीने टकटक सुरू करते. पाटा घ्यायचा तर मांजऱ्याचा घेऊ नये, भोकांत मसाला अडकतो. घट्ट काळा घ्यावा, हे सासूबाईंनी मला लग्नानंतर पहिल्याच वर्षी शिकवले होते.

मग त्यांनी गाइडला हाक मारली. "बाळा, एवढी खडी निघाली असंल. ती वाहिली कुणी? अन् टाकली कुठं?"

तो म्हणाला, "आजी, काही लाख टन दगड निघाला म्हणतात. कुणी वाहिला ते लिहिलेलं नाही."

"बाया असणार," सासूबाई म्हणाल्या. "फोडायला गडी, वाहायला बाया."

पुढे दशम्या सोडून बसल्यावर त्या स्वतःहून बोलल्या. १९७२ च्या दुष्काळात त्या खडी फोडायला जात होत्या. लग्नाला वर्षही झाले नव्हते, वय सोळा-सतरा. दुष्काळी कामावर ढीग मोजून पैसे मिळायचे, खायला सुकडी आणि लाल मिलो. हातोडा कसा धरायचा हे कुणी शिकवले नाही. पहिल्याच आठवड्यात डाव्या अंगठ्यावर बसला. त्यांच्या त्या अंगठ्याचे नख वाकडे आहे. भाकरी थापताना ते मी बारा वर्षे पाहते आहे. जन्मापासून असेल, असे मीच मनाशी ठरवून टाकले होते. कधी विचारले नव्हते.

"मला वाटायचं," त्या म्हणाल्या, "दगड फोडणं म्हणजे दुष्काळाचंच काम. ह्येनी चांगल्या दिवसांत फोडला, म्हणून देऊळ झालं."

मी म्हटले, "आत्याबाई, त्यांनाही मजुरीच असेल."

"असंल की. पण ह्ये उभं तरी राहिलं. आमच्या खडीवर रस्ता झाला, त्यावर दुसरा झाला, आता कुठं हाय ते दिसतबी नाही."

घृष्णेश्वराचे दर्शन झाले, रांग बेताची होती. देवळाचा जीर्णोद्धार अहिल्याबाई होळकरांनी केला. तिथून गाडी एका दुकानापाशी उभी केली, शाली आणि साड्यांच्या. तिथे मात्र घाई नव्हती, पाऊण तास गेला! हा पाऊण तास लेण्यात दिला असता तर बिघडले असते का? असे दुकान सहलीत आहे की नाही, हेही आधी विचारून घ्यावे.

लेण्यांबाहेर पोरे चमकते दगड विकत होती. पांढरे, फिकट हिरवट, पाकळ्यांसारखे स्फटिक. लाव्ह्यातल्या त्या भोकांत पुढे पाणी झिरपून हे तयार होतात. शास्त्रात यांतल्या बऱ्याच जणांना झिओलाइट म्हणतात. माझ्या मुलीने एक हवाच म्हणून हट्ट धरला. सासूबाईंनी दगड हातात घेतला, किंमत ऐकली आणि परत ठेवला. "असले आपल्या जुन्या विहिरीच्या ढिगात टोपलंभर पडलेत. चल, घरी देती."

मला वाटले, पोरीची समजूत काढताहेत. पण घरी आल्यावर दुसऱ्याच सकाळी त्या नातीला घेऊन शेतात गेल्या. विहिरीच्या काठावरचा खणून काढलेल्या दगडांचा ढीग उकरला, आणि ओच्यात सात-आठ घेऊन आल्या. दुकानातल्याइतके सुंदर नाहीत, कडा तुटलेल्या, पण उन्हात धरले की लुकलुकतात. दोन मी वर्गात नेले. मांजऱ्याचा एक तुकडा आणि काळ्या पाषाणाचा एकही नेला. नववीच्या पोरांनी फळ्याकडे कधी पाहिले नसेल इतके ते निरखून पाहिले, आणि एकाने विचारले, "बाई, म्हणजे आपलं गाव लाव्ह्यावर आहे?" त्याच्या घरची माणसे त्याच आठवड्यात ऊसतोडीला गेली होती, तो आजीजवळ राहिलेला.

बोअरवाला रविवारी आला. ओसरीवर चहा झाला, फुटाचा भाव झाला. दीर पुढे, आमचे हे खाटेवर, आम्ही दोघी नेहमीप्रमाणे दाराआड. गाडीतल्या गृहस्थांनी उतरता उतरता आणखी एक गोष्ट सांगितली होती: तांबड्या पट्टीची माती ओली झाली की फुगते, बोअरमध्ये ढासळते आणि भोक बुजवते, तिथे आधीच पाइप घालावा लागतो. आमचे पहिले बोअर तसेच बुजले होते का, कोण जाणे. तेव्हा खालून काय निघाले ते कुणी पाहिलेच नव्हते.

सासूबाई दाराबाहेर आल्या आणि म्हणाल्या, "तांबडी माती लागली तर केसिंग कुठवर घालणार, अन् त्याचे पैसे भावात धरलेत का वर मागणार?"

बोअरवाल्याने चहाचा कप खाली ठेवला. दिरांनी माझ्याकडे पाहिले, मी वरवंटा पुसत होते. बोअर अजून घेतलेले नाही. आधी जुन्या विहिरीतला गाळ काढायचा आणि मांजऱ्याच्या थरातून झिरपा कुठून येतो ते पाहायचे, असे सध्या ठरले आहे.