घरबसल्या म्हणजे फुकट नव्हे!

विंचूरच्या कांदा बाजारात हमाली-तोलाईचे दर ठरलेले असतात. त्याच गावातली बी.कॉम. सून घरून संगणकावर शहरातल्या धंद्याची पत्रं, बिलं, भेटीगाठी सांभाळू लागली (भारदस्त नाव 'व्हर्च्युअल असिस्टंट'), की तिचा दर मात्र 'बघू या'! 'घरीच तर असते!' सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायांनीही हेच ऐकलंय. १९६६च्या कायद्याने घरी विडी वळणारीलाही कामगार मानलं, तेही फक्त विडी-सिगारपुरतं.

आणि उद्योजिका मैत्रिणींनो, आपणही मालकच आहोत. काम चोख हवं ना? मग कामाची यादी लेखी द्या, तास ठरवा, चूक झाली तर आधी आपली सूचना पुन्हा वाचा. रात्री दहाला 'एवढंच जरा कर गं' हा ओव्हरटाइम आहे. त्याचे पैसे वेगळे.