ओझरचा कळस, वसईची जपमाळ

ओझरच्या श्रीविघ्नेश्वराचे दर्शन घेऊन बाहेर पडलेला भाविक एकवार मागे वळून सुवर्णकळसाला हात जोडतो. १७३९ मध्ये वसईचा किल्ला पोर्तुगिजांकडून जिंकल्यावर चिमाजीअप्पांनी या देवालयाचा जीर्णोद्धार केला व शिखर सोन्याने मढविले, हे आपण वडीलधाऱ्यांकडून ऐकत आलो. गणेशचतुर्थीच्या निमित्ताने त्या कथेचे दुसरे टोक आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत.

किल्ल्यावरचे निशाण बदलले, फिरंगी निघून गेले; ख्रिस्ती रयत मात्र आपल्या वाड्या धरून तेथेच राहिली. तहात तिच्या उपासनेस मोकळीक दिलेली होती. फिरंगी अमलातील धर्मांतरांत जुलूम होता, देवळे मोडली गेली, हे शल्य आपल्या मनात आहे आणि ते विसरावे असे आम्ही म्हणत नाही. परंतु त्याचा जाब सांजवेळी घरातल्या मरियेच्या तसबिरीपुढे जपमाळ ओढीत बसलेल्या वसईच्या कॅथलिक गृहिणीस विचारणे, हा कोणता न्याय?

ती माउली मराठीतच प्रार्थना करते. व्हॅटिकनच्या १९६२ ते १९६५ या काळातील धर्मपरिषदेपूर्वी तिच्या आजीला मिस्सा लॅटिनमध्ये ऐकावी लागे. शब्द कळत नसत, भाव कळे. (आपल्या आजीला तरी अथर्वशीर्षाचा अर्थ कोठे ठाऊक होता?) सिसिलिया कार्व्हालो यांच्यासारख्या लेखिकेने याच समाजातून येऊन मराठीत काव्य व ललितलेखन केले.

तिची विघ्नेही आपल्यासारखीच, घरगुती. वसईच्या बागायतीचा जीव विहिरींत आणि बावखलांत. टँकर भरभरून गोडे पाणी उपसले जाऊ लागले, बावखले बुजवून इमारती उठू लागल्या, तसे खारे पाणी विहिरींत शिरू लागले. केळी-पानवेलींवर संसार चालविणाऱ्या बाईच्या दृष्टीने याहून मोठे संकट कोणते? १९८० च्या दशकाच्या अखेरीस फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘हरित वसई’ची चळवळ उभी केली, तेव्हा सामान्य स्त्रियाही घराबाहेर पडल्या. देवापुढे मेणबत्ती लावून मग मोर्चास जाणे, यात त्यांना विसंगती वाटली नाही. आम्हांसही वाटत नाही. विघ्नहर्त्याला साकडे घालून आपणही पुन्हा कामालाच लागतो.

८ सप्टेंबर हा मरियेचा जन्मदिन पुष्कळदा गणेशोत्सवाच्या आगेमागे येतो. वांद्र्याच्या डोंगरावरील तिच्या देवालयास ‘मोतमाउली’ म्हणून नवस बोलणाऱ्यांत हिंदू स्त्रियाही असतात. कोणी मेणाचे घर वाहते, कोणी मेणाचा हात वा पाय.

आणि आपल्या देव्हाऱ्यातील फुले? वसईच्या वाड्यांतला सोनचाफा दादरच्या बाजारात येतो. दूर्वांच्या जुडीशेजारी आपण तो ठेवाल, तेव्हा कदाचित तो खुडणाऱ्या बाईने पहाटे वाडीत उतरण्यापूर्वी कपाळावर क्रुसाची खूण केलेली असेल.