अनुल्लेखाचे सामर्थ्य : 'वारा' या चिनी कवितेच्या आस्वादाविषयी

तांग राजवटीच्या काळातील (इ. स. ६१८–९०७) कवी ली च्याओ याच्या नावावर असलेली 'फंग' म्हणजे 'वारा' ही कविता अवघ्या वीस अक्षरांची आहे. ओळी चार आणि प्रत्येक ओळीत अक्षरे पाच. चीनमध्ये ती लहान मुलांकडून पाठ करून घेतली जाते. आपल्या पदव्युत्तर वर्गात ती इंग्रजी अनुवादाच्या वाटेने आली, तर तिचे रसग्रहण बहुधा दहा मिनिटांत आटोपेल. पानगळ, फुलांचा बहर, नदीवरच्या लाटा आणि कललेले बांबू ही चार दृश्ये. निसर्गाचे सामर्थ्य हा आशय. चेतनगुणोक्ती हा अलंकार. एवढे लिहिले की परीक्षेतील गुण पदरात पडतात. प्रस्तुत लेखकाच्या मते या उत्तरातील दृश्ये बरोबर आहेत, आशय अपुरा आहे आणि अलंकार सर्वस्वी चुकीचा आहे. ही चूक एका कवितेपुरती असती, तर तिच्याविषयी लिहिण्याचे कारण नव्हते. परंतु निसर्गकविता वाचण्याची जी रीत आपण विद्यार्थ्यांच्या हाती देतो, तिच्यातच या चुकीचे मूळ आहे, असे वाटते.

प्रथम रचना पाहू. पहिल्या दोन ओळी एकमेकींच्या जोडीने उभ्या आहेत. एकीत शरद ऋतू आहे व गळणारी पाने आहेत. दुसरीत चांद्र पंचांगातील दुसरा महिना, म्हणजे वसंत आहे व उमलणारी फुले आहेत. दोन्ही ओळींचा प्रारंभ क्षमता सांगणाऱ्या शब्दाने होतो. उरलेल्या दोन ओळींचीही अशीच जोडी आहे. तेथे ऋतू नाहीत, स्थळे आहेत : एक नदी आणि एक बांबूचे बन. तेथील क्रियापदेही निराळी आहेत. एकीत ओलांडणे आहे, दुसरीत आत शिरणे आहे. प्रत्येक ओळीत एकेक संख्या येते. पहिल्या दोहोंत तीन व दोन, पुढच्या दोहोंत हजार व दहा हजार. लहान संख्या कालाच्या आहेत, मोठ्या संख्या अवकाशाच्या आहेत. मर्ढेकरांच्या परिभाषेत बोलायचे, तर पहिल्या जोडीत विरोधलय आहे, दुसरीत संवादलय आहे, आणि दोन जोड्या मिळून समतोललय साधला आहे. परदेशी कवितेला आपली परिभाषा लावणे नेहमीच इष्ट नसते. येथे मात्र ती लागू पडते, कारण या कवितेचा डोलारा प्रामुख्याने संबंधांवर उभा आहे.

आता या रचनेत काय नाही, ते पाहू. चार ओळींत 'वारा' हा शब्द नाही. तो केवळ शीर्षकात आहे. 'मी' नाही. पाहणारा कोणी नाही. सर्वांत लक्षणीय गोष्ट अशी की, ज्याला वारा लागतो असे मानवी शरीरही येथे नाही. गारवा, झुळूक, अंगावरचा शहारा यांपैकी काहीही नाही. तर्कसंग्रहापासून न्यायशास्त्राचा परिचय झालेल्या अभ्यासकाला हे विशेष जाणवावे. अन्नंभट्टाने वायूचे लक्षण करताना त्याला रूपरहित व स्पर्शयुक्त म्हटले आहे. म्हणजे आपल्या परंपरेत वायूची खूण स्पर्श ही आहे. ली च्याओ नेमका हा स्पर्श वगळतो. ज्याला रूप नाही, त्याची कविता तो केवळ रूपांनी लिहितो : पान, फूल, पाणी, बांबू. वारा आपल्याला लागत नाही. वाऱ्याने झालेले बदल आपल्याला दिसतात.

येथे एक आक्षेप संभवतो. वस्तूचे नाव न घेता तिच्या खुणा सांगणे म्हणजे कोडे घालणे होय. आणि विश्वनाथाने साहित्यदर्पणात प्रहेलिकेला रसाची विरोधक म्हणून अलंकारांतून बाहेर ठेवले आहे. मग ही कविता म्हणजे एक सुबक कोडेच नव्हे काय? कोड्यात उत्तर शेवटी येते आणि उत्तर सापडताच कोडे निरुपयोगी होते. येथे उत्तर शीर्षकातच दिलेले आहे. कवीला वाचकाकडून ओळखवून घ्यायचे असते, तर त्याने पहिल्याच शब्दात गुपित फोडले नसते. याच कारणाने ही कविता अनुमानाच्याही कक्षेत बसत नाही. महिमभट्टाने व्यक्तिविवेकात ध्वनीचा अंतर्भाव अनुमानात करण्याचा प्रयत्न केला. त्याची काव्यानुमिती तर्कशास्त्रातील अनुमितीहून वेगळी आहे हे मान्य केले, तरी जे आधीच सांगितले आहे त्याचे पुन्हा अनुमान करणे म्हणजे सिद्धसाधन ठरेल. पानांवरून वारा ओळखणे हे या कवितेचे साध्य असू शकत नाही; तो आधीच ओळखलेला आहे.

प्रामाणिकपणे पाहता हाच युक्तिवाद ध्वनिवाद्यांवरही उलटतो. शीर्षकाने 'वारा' वाच्य केला असेल, तर तो व्यंग्य कसा? तो व्यंग्य नाहीच, असे आमचे उत्तर आहे. व्यंग्य आहे ते चार क्रियांचे एकत्व. पाडणारा आणि उमलवणारा एकच आहे, ही गोष्ट कवितेत कोठेही सांगितलेली नाही. पहिल्या दोन ओळी शेजारी ठेवल्याने ती जाणवते. त्यापुढे जाऊन असेही जाणवते की, या कर्त्याला पानाविषयी राग नाही आणि फुलाविषयी लोभ नाही. सामर्थ्य आहे, हेतू नाही. म्हणून 'निसर्गाचे सामर्थ्य' हा आशय अपुरा म्हटला. या कवितेतील विस्मय सामर्थ्याच्या प्रचंडपणापेक्षा त्याच्या तटस्थपणातून निर्माण होतो. तो एकदा जाणवला की हजार फुटांची लाट ही केवळ अतिशयोक्ती उरत नाही. जेथे हेतू नाही, तेथे मर्यादाही नाही, याची ती खूण होते.

चेतनगुणोक्तीचा निर्वाळा येथेच देता येईल. अचेतनावर मानवी भाव आरोपित केल्याशिवाय हा अलंकार संभवत नाही. प्रस्तुत कवितेत क्षमता आणि गती यांखेरीज कशाचाही आरोप नाही. तरीही वाचकाला तो दिसतो, कारण आपली निसर्गकवितेची दृष्टी ज्या कवितांवर घडली आहे, त्यांत निसर्ग सहसा एकटा येत नाही. बालकवींच्या 'फुलराणी'त फूल आणि सूर्यकिरण यांचे लग्न लागते. कुसुमाग्रजांच्या 'कोलंबसाचे गर्वगीत' या कवितेत सागर हा माणसाचा प्रतिस्पर्धी असतो. शेलीच्या १८१९ मधील पश्चिमवाऱ्यावरील सुप्रसिद्ध कवितेत तर ली च्याओच्याच सामग्रीपैकी पान आणि लाट या दोन गोष्टी आहेत. परंतु तेथे पान, मेघ, लाट यांची वाट अखेर कवीच्या 'मी'पाशी येऊन थांबते. गीतेच्या सहाव्या अध्यायात वारा येतो तो मनाच्या चंचलतेचे उपमान म्हणून. या सर्व थोर कविता आहेत, आणि त्यांत उणे काढण्याचा हेतू नाही. मुद्दा एवढाच की, त्यांत वारा किंवा सागर दुसऱ्या कशाच्या तरी कामी येतो. ली च्याओच्या चार ओळींत तो कोणाच्याही कामी येत नाही.

यावर चिनी परंपरेचा अभ्यासक हरकत घेईल, आणि ती हरकत वजनदार आहे. चिनी भाषेत 'फंग' या शब्दाचा अर्थ वारा एवढाच नाही. रीतिरिवाज, लोकगीत, नैतिक प्रभाव असे अर्थही त्याला आहेत. प्राचीन काव्यसंग्रह 'शृ-चिंग' याच्या पहिल्या विभागाचे नावच 'क्वो-फंग', म्हणजे राज्याराज्यांचे वारे, असे आहे. (गावाला शहराचे वारे लागले, असे म्हणताना मराठीही याच वाटेने थोडी चालते.) कन्फ्यूशियसच्या संवादांच्या बाराव्या भागात सज्जन शासकाच्या गुणाला वाऱ्याची आणि प्रजेच्या गुणाला गवताची उपमा दिली आहे. सुंग यूच्या नावावर असलेल्या प्राचीन 'फंग फू' या रचनेत राजाचा वारा आणि सामान्य जनांचा वारा यांत भेद करून राजाला आडून बोध केलेला आहे. अशा भाषेत झुकणारे बांबू हे निव्वळ बांबू राहतील काय? शिवाय ली च्याओ (सुमारे ६४५–७१४) हा सत्तेपासून दूर असलेला कवी नव्हता. सम्राज्ञी वू हिच्या आणि तिच्यानंतर सम्राट चुंग-त्सुंग याच्या काळात तो राज्याच्या प्रधानपदावर होता आणि श्वान-त्सुंगाच्या काळात त्याची पदावनती झाली. सत्ता स्वतः अदृश्य असते, तिच्यामुळे कोण पडले आणि कोण फुलले एवढेच दिसते, हा अनुभव त्याच्याइतका कोणाला असणार?

हा अर्थ आकर्षक आहे, आणि तो कवितेच्या आसपास ऐकू यावा हे योग्यच आहे. परंतु तो कवितेचा एकमेव अर्थ म्हणून शिकवला जाऊ नये. चरित्रामुळे एखादा अर्थ संभाव्य ठरतो, सिद्ध होत नाही. शिवाय सुंग यूच्या रचनेत वाऱ्याचे दोन प्रकार आहेत, कारण तेथे निवाडा द्यायचा आहे. ली च्याओकडे वारा एकच आहे. जेथे भेद नाही तेथे बोधही नाही. सत्तेचे रूपक म्हणून वाचली तरी ही कविता सत्तेची स्तुती करीत नाही आणि निंदाही करीत नाही. म्हणजे रूपकाच्या वाटेने गेलेला वाचकही अखेर त्याच तटस्थपणापाशी पोहोचतो.

अनुवादाचा प्रश्न या सर्वांशी निगडित आहे, आणि मराठीच्या अभ्यासकांचा खरा अधिकार तेथेच आहे. अभिजात चिनी वाक्य कर्त्यावाचून सहज उभे राहते. त्यात लिंग नाही, वचन नाही, काळाचा प्रत्यय नाही. इंग्रजी वाक्याला मात्र कर्ता लागतो. म्हणून इंग्रजी अनुवादक सर्वनाम घालतो, आणि त्यावरून मराठी करणारा प्रत्येक ओळीत 'वारा' किंवा 'तो' लिहितो. ज्या शब्दाच्या अभावावर कविता उभी आहे, तो शब्द चार वेळा येतो. 'तो' गाळल्याने काम भागत नाही, कारण 'पाडतो' या क्रियापदाच्या अंती पुल्लिंगी कर्ता उभा असतोच. सकर्मक क्रियापद टाळून 'गळतात', 'उमलतात' असे म्हणावे, तर कर्ता समूळ नाहीसा होतो आणि कविता ऋतुवर्णन होऊन बसते. कर्मणी प्रयोग करून 'पाडली', 'उमलवली' म्हणावे, तर कर्ता झाकला जातो खरा, परंतु क्षमता जाऊन भूतकाळातील एक घटना उरते.

मराठीत यावर एक उपाय आहे, आणि तो इंग्रजीत नाही. 'पाडता येणे', 'उमलवता येणे' या रचनेत क्रियापद कर्माच्या मागे जाते. ज्याला ते येते, तो चतुर्थीत असतो आणि त्याला मुकाट्याने वगळता येते. लिंग उघड होत नाही, काळ बांधला जात नाही, आणि क्षमता तर शब्दातच असते. शिवाय मराठीत 'येणे' म्हणजे शक्य असणे आणि अवगत असणे, दोन्ही. पोहता येते म्हणजे पोहण्याची विद्या आहे. मूळ कवितेच्या पहिल्याच शब्दाची गंमत अशीच आहे : त्याचा मूळ अर्थ सोडवणे, उकलणे, त्यावरून समजणे, आणि तांगकालीन वापरात 'करता येणे'. तिसऱ्या ओळीत मुळात लाटेला स्वतःचे क्रियापद नाही. मराठीतही नुसते नाम ठेवून ओळ थांबवता येते. 'उसळतात' हे क्रियापद घालण्याचा मोह तेवढा आवरला पाहिजे. कर्ता सांगितला नाही तर वाक्य कोणाही माणसाविषयी आहे असे वाटेल, ही शंका रास्त आहे. तिचे निरसन शीर्षक करते, आणि शीर्षकाचे मूळ कवितेतील कामही हेच आहे.

एवढ्याशा कवितेवर हा भार अधिक होतो, असे कोणी म्हणेल. ली च्याओने एकेका वस्तूवर एकेक अशा एकशेवीस कविता लिहिल्या, त्या जपानपर्यंत गेल्या आणि तेथे पाठ्य म्हणून वाचल्या गेल्या. अशा कवीच्या हातची वस्तुवर्णनपर रचना म्हणजे अखेर एक अभ्यासपाठच, असा पक्ष मांडता येईल. तो अमान्य करण्याची गरज नाही. अभ्यासपाठातूनही भाषेची शिस्त कळते, आणि आपल्या वर्गांना आज तिचीच निकड आहे. रसग्रहणाच्या प्रश्नात 'कवीला काय म्हणायचे आहे' हे विचारण्यापूर्वी 'कवीने काय म्हटलेले नाही आणि ते न म्हटल्याने काय साधले' हा प्रश्न विद्यार्थ्यांपुढे ठेवावा. त्यांच्या हाती एखादा प्रचलित अनुवाद द्यावा, त्यातील प्रत्येक 'तो' आणि प्रत्येक विशेषण खोडायला सांगावे, आणि उरलेल्या शब्दांनिशी वाक्य मराठीत उभे करायला सांगावे. त्या तासात चिनी कविता कितपत कळेल हे सांगता येत नाही; आपल्या क्रियापदांच्या प्रत्ययांत किती कर्ते लपलेले असतात, हे मात्र निश्चित कळेल.